मामा, आज आत जाऊ का?

सरकारी असो, निमसरकारी असो, कुठल्याही कचेरीत साहेबांच्या केबिनबाहेर एक लाकडी स्टूल असतं आणि त्या स्टुलावर एक मामा असतात. त्यांचं आडनाव सेवापुस्तकात असतं. कचेरीत ते सगळ्यांचे मामा, साहेबांचेसुद्धा. आत जाणारा माणूस दारावर टकटक करण्याआधी मामांकडे बघून नुसत्या भुवया उडवतो. मामाही तोंडाने उत्तर देत नाहीत. डोळे मिटून मान किंचित हलली, तर उद्या या. खालचा ओठ पुढे आला, तर काम फारच अडलं असेल तर जा, पण फाईल पुढे धरून जा. आणि मामांनी स्वतः उठून दार ढकललं, तर खुशाल समजावं की आज जीपीएफचा ॲडव्हान्ससुद्धा मंजूर होईल.

हवामान खात्याचं कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात. तिथल्या शास्त्रज्ञांच्या दिमतीला उपग्रह आहेत, रडार आहेत. आमच्या मामांच्या दिमतीला फक्त साहेबांचा चहाचा कप. पण तो कप रिकामा बाहेर आला की दिवस कोरडा जाणार. अर्धा आला, तर मंत्रालयातून फोन आलेला आहे. सायीसकट जसाच्या तसा आला, तर फोन घरून आलेला आहे आणि अशा वेळी केबिनच्या आसपास कोणी खोकूसुद्धा नये.

संकष्टीला साहेबांचा उपास असतो. दुपारी साबुदाण्याची खिचडी, चारनंतर पित्त. त्यामुळे संकष्टीला साडेतीनच्या पुढे रजेचा अर्ज न्यायचा नाही, हे आमच्याकडे नव्या माणसाला हजेरीपटावर सही कुठे करायची ते सांगायच्या आधी सांगितलं जातं. व्हीसी, म्हणजे वरिष्ठांबरोबरची व्हिडिओ कॉन्फरन्स, सुटल्यावर पाऊण तास कोणी उठायचं नाही. त्या पाऊण तासात साहेब ज्या भाषेत ऐकून घेऊन आलेले असतात, त्या भाषेत दुसऱ्या कोणाला तरी सांगायला शोधत असतात.

मामांची खरी कला पुढेच आहे. साहेबांचा मूड ओळखणं हा झाला अभ्यास. तो बनवणं ही कला. सह्यांच्या फाईली आत नेताना मामा त्यांची चळत स्वतः लावतात. वर एखाद्या शाळेच्या कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका, प्रमुख पाहुणे म्हणून साहेबांचं नाव ठळक अक्षरात. तिच्याखाली निर्विवाद मंजुरीच्या दोन फाईली. पेन चालायला लागलं, हात सैल झाला की मग गरजवंताचा रजेचा अर्ज. लेखापरीक्षणाचे आक्षेप सगळ्यात खाली आणि तेही सुटीच्या आदल्या दिवशी. एकदा मी विचारलं, “मामा, हे शिकलात कुठे?” मामा म्हणाले, “शिकायचं काय त्यात? घरी म्हातारा तापट होता.”

अशा सुखी कचेरीत एके दिवशी परिपत्रक आलं. ‘कार्यालयीन कामकाजात भावनिक बुद्धिमत्तेचे महत्त्व’ या विषयावर एकदिवसीय कार्यशाळा. उपस्थिती अनिवार्य, अनुपस्थित राहिल्यास कारणे दाखवा नोटीस. म्हणजे दुसऱ्याच्या भावना समजून घ्यायला नकार दिला तर शिस्तभंगाची कारवाई. योजना अशी होती की वर्ग एक आणि दोनच्या अधिकाऱ्यांनी खुर्च्यांवर बसायचं, आम्ही वर्ग तीनच्या मंडळींनी नावनोंदणीच्या टेबलावर फोल्डर आणि पेन वाटायचे आणि वर्ग चारने खुर्च्या लावायच्या, चहा फिरवायचा. ज्याला हा विषय त्या अख्ख्या इमारतीत सर्वांत चांगला येत होता, तो माणूस बिस्किटांचा ट्रे घेऊन भिंतीला टेकून उभा होता.

प्रशिक्षक गळाबंद जाकिटातले, कानापासून गालापर्यंत आलेला माइक लावलेले. पहिल्याच स्लाइडवर हिमनग. गारपिटीखेरीज बर्फ न पाहिलेल्या आमच्या जिल्ह्यात जे जे प्रशिक्षण होतं, त्यात हा हिमनग असतोच. गेल्या वेळी तो ‘ताणतणाव व्यवस्थापना’त होता, त्याआधी ई-ऑफिसमध्ये. वर दिसतो तो बुद्ध्यांक, पाण्याखाली भावना. मग इतिहास झाला. १९९० साली पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी या विषयावर लेख लिहिला आणि १९९५ साली डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने तो जगभर नेला. इथपर्यंत बरोबर होतं. मग प्रशिक्षकांनी लाल अक्षरांतली स्लाइड लावली: यशात बुद्ध्यांक २० टक्के, भावनिक बुद्धिमत्ता ८० टक्के. सभागृहातल्या पेंगुळलेल्या माना उठल्या. बुद्ध्यांकाचा वाटा इतका कमी आहे म्हटल्यावर बऱ्याच जणांना हुरूप आला.

वास्तविक गोलमनसाहेब असं म्हणालेच नव्हते. यशात बुद्ध्यांकाचा वाटा फार तर २० टक्के असेल, बाकीचं इतर गोष्टींवर, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं होतं आणि त्या इतर गोष्टींत माणूस कोणत्या घरात जन्मला इथपासून निव्वळ नशिबापर्यंत सगळं येत होतं. लोकांनी ते उरलेले ८० टक्के परस्पर भावनिक बुद्धिमत्तेच्या खात्यात जमा केले. पुढे त्यांना स्वतःला खुलासा करावा लागला. पण खुलासा स्लाइडवर कोण घेतो? शिवाय वशिला, जात, मामेभावाचा साडू आणि योग्य वेळी योग्य लग्नाला हजेरी या घटकांना आमच्याकडे त्या ८० टक्क्यांत जी जागा लागते, ती वजा जाता उरतं किती, हा हिशेब कुणी मांडलेला नाही.

हे गोलमन हार्वर्डमध्ये शिकत असताना ध्यानधारणा समजून घ्यायला भारतात येऊन राहिले होते. चरित्रात तसं काही नाही, पण माझा आपला दाट संशय आहे की मुक्कामाची मुदत वाढवून घ्यायला ते कुठल्या तरी कचेरीत गेले असणार. तिथे स्टुलावरचा माणूस मान हलवून ‘उद्या या’ म्हणाला असणार आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाने दार ढकललं असणार. नाही तर हार्वर्डच्या माणसाला हे सुचायचं कसं?

कार्यशाळेत मग प्रात्यक्षिक झालं. जोड्या करा आणि एक मिनिट एकमेकांच्या डोळ्यांत बघा. समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखा. नशिबाने आमचे साहेब आणि लेखाधिकारी यांची जोडी लागली. दोघांत एका टीए बिलावरून मागच्या वित्तीय वर्षापासून धुसफूस. लेखाधिकाऱ्यांनी अर्धा मिनिट पापणी लवू न देता साहेबांच्या डोळ्यांत पाहिलं आणि खोलवर उतरलेल्या आवाजात विचारलं, “मुक्कामाची पावती जोडलीय का?” मनातलं ओळखलं म्हणायचं तर अचूक ओळखलं.

दुपारी जेवणानंतर विषय होता रागाचं व्यवस्थापन. राग आला की बोलायच्या आधी थांबा, श्वास घ्या, सहा आकडे मोजा. प्रशिक्षक तिसऱ्या आकड्यावर असताना माइकने अशी काही किंचाळी फोडली की पुढच्या रांगेतले दोन वर्ग एक अधिकारी जागे झाले. प्रशिक्षक उरलेले आकडे न मोजताच साउंडवाल्या पोरावर ओरडले: “अक्कल आहे की नाही?” पोरगं अठरा-एकोणीसचं, रोजंदारीवरचं. कानाच्या पाळ्या लाल करून वायरी चाचपत बसलं. सभागृहात सगळ्यांनी एकदम फोल्डर वाचायला घेतले. मामा ट्रे ठेवून पाण्याचे दोन ग्लास घेऊन आले. एक प्रशिक्षकांना दिला, एक त्या पोराला. आधी पोराला.

याची नोंद मूल्यमापन फॉर्ममध्ये करायला रकाना नव्हता. ‘भोजन कसे होते’ यासाठी होता.

पण खरा गोंधळ पुढच्या सोमवारपासून सुरू झाला, कारण साहेबांनी प्रशिक्षण मनावर घेतलं. साहेब माणूस वाईट नाही. रागीट आहे, पण त्याचा राग एसटीच्या वेळापत्रकापेक्षा भरवशाचा. त्यावर कचेरीची घडी बसलेली. आता ते रजा नाकारताना “तुमच्या भावना मी समजू शकतो” असं म्हणू लागले. पूर्वी ‘नाही’ अर्ध्या मिनिटात मिळायचं. माणूस चडफडत बाहेर येऊन चहा मारून कामाला लागायचा. आता वीस मिनिटं आत बसवून, गावाकडच्या आईची चौकशी करून, स्वतःच्या आईची आठवण सांगून, मग ‘नाही’ मिळू लागलं. बाहेर येणाऱ्याला रागावावं की धन्यवाद म्हणावं तेच कळेना. एक जण तर आभार मानून आला आणि जागेवर बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की बहिणीच्या साखरपुड्याला आपण जाणार नाही आहोत.

एक दिवस साहेब केबिनमधून उठून थेट आवक-जावकच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. नव्या मॅडम शिक्के मारत होत्या. “कशा आहात मॅडम? म्हणजे मनाने कशा आहात?” मॅडमच्या हातातला शिक्का चुकून स्टॅम्प पॅडऐवजी डब्याच्या झाकणावर पडला. साहेब गेल्यावर त्यांनी पहिल्यांदा आस्थापना शाखेत फोन लावला. माझी बदली तर नाही ना? तीन वर्षं व्हायचीत अजून. मग शाखेतल्या जाणत्यांनी बदल्यांचा २००५ चा कायदा काढून सगळ्यांसमोर वाचला. दुपारपर्यंत तीन टेबलांवर डबे तसेच. संध्याकाळी कोणीतरी बातमी आणली की साहेब स्वेच्छानिवृत्ती घेताहेत, म्हणून असे हळवे झालेत. कोणी म्हणालं, अँजिओग्राफी झाली. वर्गणी काढायची का, इथपर्यंत मजल गेली.

शेवटी मामांनीच तोडगा काढला. संध्याकाळचा चहा आत ठेवताना ते साहेबांना म्हणाले, “साहेब, आपण आपलं रागवत जा. लोकांना सवय आहे. विचारपूस मी करतो.” साहेबांनी वर बघितलं, कप पूर्ण संपवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेदहाच्या ठोक्याला हजेरीपट मागवून तिघांना लेटमार्क दिले. कचेरीत हायसं वाटलं.

माणसाला त्याच्याबद्दलचं खरं मत तोंडावर सांगणं ही आपल्याकडे मुळातच अवघड गोष्ट. गोपनीय अहवाल नावाचा प्रकार त्यासाठीच निघाला असावा: सांगायचं सगळं, फक्त ज्याचं त्याला नाही. पूर्वी वाईट शेरा असेल तेवढा कळवायचा, बाकी बंद लिफाफ्यात. देव दत्त नावाचे सीमा सडक सेवेतले एक अभियंता होते. त्यांच्या एका वर्षाच्या अहवालात शेरा होता ‘चांगला’. त्यांना कोणी कळवलं नाही. चांगल्याला काय कळवायचं? पण बढतीसाठी लागत होता ‘फार चांगला’. त्या एका ‘फार’पायी बढती हुकली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००८ साली न्यायालयाने सांगितलं की शेरा कोणताही असो, चांगलासुद्धा, तो संबंधिताला कळवलाच पाहिजे. तोवर ते अभियंता निवृत्त झालेले. ‘तुमचं काम चांगलं आहे, पण अजून फार चांगलं हवं’ हे एवढं एक वाक्य वरिष्ठाने खुर्ची ओढून चहावर सांगायला हवं होतं. त्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला खंडपीठ बसवावं लागलं.

खाजगीत तरी बरं असेल, असं मला वाटायचं. माझा पुतण्या हिंजवडीला आयटीत आहे. त्याच्याकडे मॅनेजर दर पंधरवड्याला वन-ऑन-वन घेतो. सुरुवातीला कौतुकाची तीन वाक्यं, मधे हाणायचं ते हाणायचं, शेवटी पुन्हा कौतुक. पुतण्या म्हणतो, “काका, ‘ग्रेट जॉब’ ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.” त्यांच्याकडे हसऱ्या चेहऱ्यांचं एक ॲप आहे, रोज सकाळी आपला मूड त्यात नोंदवायचा. उदास चेहरा दाबला तर एचआर भेटायला येतं आणि त्या भेटीत अर्धा दिवस जातो, काम मात्र कोणी कमी करत नाही. म्हणून सगळा मजला दररोज सकाळी साडेनऊला आनंदी असतो. त्यांच्या मजल्यावर खरी खबर असते ती हाउसकीपिंगच्या मावशींना. वॉशरूममध्ये कोण रडून तोंड धुऊन गेलं, कोणाचा डबा उघडलाच नाही, सारं त्यांना ठाऊक. कोणी घरून आणलेला मग परत घरी नेला की मावशी ओळखतात, हा राजीनामा देणार. एचआरला ते ईमेलवर पंधरा दिवसांनी कळतं.

मला या सगळ्यात एक गोष्ट दिसते, ती अशी की ही बुद्धिमत्ता खालून वर वाहते. कारकुनाला साहेबांचा मूड माहीत असावाच लागतो; साहेबांना कारकुनाचा माहीत नसला तरी पगार होतो. ज्याच्या हातात सही आहे, त्याला समोरच्याचा चेहरा वाचायची गरज नाही, आणि ज्याला सही हवी आहे तो वाचनात पारंगत होतो. आमच्या मोठ्या मॅडम, म्हणजे हेडक्लार्क, त्यांना कोणाची आई दवाखान्यात आहे, कोणाचं पोर बारावीला आहे, कोणाला कोणाशेजारी बसवू नये, सगळं पाठ. वाढदिवसाचा केक त्या आणतात, निरोप समारंभाची शाल त्या आणतात, दोन भांडलेल्यांना एका डब्यावर त्या बसवतात. त्यांच्या अहवालात याबद्दल अक्षर नाही. तिथे आहे: ‘टंकलेखन समाधानकारक’.

आर्ली हॉखशिल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ सालीच हे लिहून ठेवलं होतं. त्यांनी विमानातल्या हवाई सुंदऱ्या पाहिल्या आणि थकलेली बिलं वसूल करणारे लोकही पाहिले. एकीने पगारासाठी हसायचं, दुसऱ्याने पगारासाठी डोळे वटारायचे. दोघांचंही म्हणणं असं की घरी गेल्यावर आपला खरा चेहरा कोणता ते आठवायला वेळ लागतो, असा माझ्या वाचनाचा मथितार्थ. बाईंनी या श्रमालाही श्रमच म्हणा, असं सांगितलं. तेव्हापासून चाळीस वर्षं झाली. कोणत्याही वेतन आयोगाने त्याचा रकाना काढलेला नाही.

विमानाचं राहू द्या, आपल्या लाल डब्याचं बघू. एसटीत ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट. पूर्वी गर्दीत, खड्ड्यांत, एका हाताने दांडा धरून कंडक्टरने समोरच्या बाईंचं वय ओळखायचं. विचारलं आणि त्या अठ्ठावन्नच्या निघाल्या, तर पुढच्या थांब्यापर्यंत गाडीभर त्याच्या घराण्याचा उद्धार. नाही विचारलं आणि सत्तरीच्या निघाल्या, तर “डोळे फुटले का, केस दिसत नाहीत?” माझ्या ओळखीच्या एका कंडक्टरने तोडगा काढला होता. तो सगळ्यांनाच म्हणायचा, “ताई, तुमचं नाही विचारत, पण घरी कोणाचं कार्ड बरोबर आणलंय का?” मार्च २०२३ मध्ये सरकारने सरसकट सगळ्या महिलांना अर्धं तिकीट केलं. वर्तमानपत्रांत त्याची चर्चा महिलांच्या सवलतीची झाली. पण त्या दिवशी राज्यभरच्या कंडक्टरांच्या डोक्यावरून केवढं ओझं उतरलं, ते कोणी छापलं नाही. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे, पण तिथे प्रश्न येत नाही; ते आजोबा स्वतःच चढता चढता वय सांगतात, तेही मोठ्याने.

आमचे मामा पुढच्या वर्षी निवृत्त होतील. आम्ही बाकीचे ५८ ला जातो, वर्ग चारला ६० असतात, हा एक शहाणपणा शासनाने केलेला आहे. त्यांच्या जागी नवा माणूस येणार नाही. पद भरायचं नाही, कंत्राटदाराने पाठवलेला मुलगा येईल आणि करार संपला की जाईल. साहेबांचा चहा कधी अर्धा राहतो हे त्याला कळू लागेपर्यंत तो दुसऱ्या कचेरीत गेलेला असेल. साहेबांसाठी मात्र कार्यशाळेचा दुसरा भाग मंजूर झाला आहे, निवासी, महाबळेश्वरला.

तेव्हा माझी वाचकांतल्या अधिकारीवर्गाला हात जोडून विनंती आहे. तुमच्या कचेरीत अशी कार्यशाळा लागलीच, तर एकदा खुर्च्या तुम्ही लावा आणि स्टुलावरच्या माणसाला व्यासपीठावर बसवा. बाहेरच्या व्याख्यात्यांसाठी मानधनाची तरतूद असतेच, ती त्यांच्या नावे टाका. लेखाधिकारी हरकत घेतील. त्यांच्याकडे ती फाईल कधी न्यायची, ते मामांना विचारा.